पाळणा लांबवायचा, तर बोलणे डोहाळजेवणालाच हवे

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात ज्येष्ठाच्या अखेरीस जो पाऊस सुरू होतो, तो भाद्रपदापर्यंत उसंत म्हणून देत नाही. एका बाजूला करूळ आणि भुईबावड्याचे घाट, दुसऱ्या बाजूला सुमारे ५५ किलोमीटरवरचे कोल्हापूर, आणि मध्ये डोंगरकुशीत विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे. या मुलखात ज्येष्ठात प्रसूत झालेल्या सुनेचा सहावा आठवडा ऐन आषाढ-श्रावणाच्या धारांत येतो. 'सहा आठवड्यांनी दाखवायला या' हे शहरातल्या रुग्णालयात सहज उच्चारले जाणारे वाक्य येथे तितके सहज राहत नाही. तान्हे मूल कडेवर, ओढ्याला पाणी, आणि घरातला कर्ता पुरुष नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला. मग दाखवणे लांबते. दसरा जातो, दिवाळी जाते, आणि एक दिवस कळते की पाळण्यातले मूल रांगायला लागण्याआधीच दुसऱ्याची चाहूल लागली आहे.

दोन मुलांत अंतर असावे, हे आता कोणी नाकारत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा हा विषय उच्चारणेही पाप मानले जात असे. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. इतक्या वर्षांत 'किती मुले?' या प्रश्नावर घरोघरी चर्चा झाली. परंतु 'प्रसूतीनंतर पाळणा लांबवण्याची व्यवस्था केव्हा करायची?' हा साधा आणि निकडीचा प्रश्न मात्र अजूनही 'बघू नंतर' या दोन शब्दांवर सोडला जातो. आणि नंतर बघण्याइतका अवधी निसर्ग प्रत्येकीला देतोच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की, एका प्रसूतीनंतर किमान २४ महिने जाऊ द्यावेत आणि मगच पुढील गर्भधारणेचा विचार करावा. गर्भारपण आणि स्तनपान यांत मातेच्या शरीरातील लोह, कॅल्शियम खर्ची पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे. ती झीज भरून निघण्यापूर्वी पुन्हा गर्भ राहिला, तर अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे मूल होण्याचा धोका वाढतो. पहिली प्रसूती सिझेरियनने झाली असेल, तर गर्भाशयावरील व्रण पुरता भरून येणे अधिकच महत्त्वाचे ठरते. बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू प्रेमाने करून घालणाऱ्या आपल्या समाजाला हे परके वाटण्याचे कारण नाही. शरीर पुन्हा बांधावे लागते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच.

मात्र आज्यांचे एक म्हणणे तपासून घ्यायला हवे. 'अंगावर पाजते आहे तोवर दिवस राहत नाहीत' हा समज खेड्यात आणि शहरातही घट्ट आहे. त्यात तथ्य आहे, पण तीन अटींसह. मूल सहा महिन्यांच्या आतील असावे, त्याला रात्रंदिवस केवळ आईचेच दूध मिळत असावे आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. यांतील एक जरी अट मोडली, तरी तो भरवसा संपतो. मुलाला वरचे दूध सुरू केले, आई पुन्हा शेतावर वा कामावर जाऊ लागली आणि पाजण्यात खंड पडला, की संरक्षण कमी होते. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीत तर प्रसूतीनंतर सुमारे चार आठवड्यांतच बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. पहिली पाळी येण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसते.

साधने कोणती आणि त्यांच्या वेळा कोणत्या, हे एकदा नीट समजून घ्यावे. तांबी, म्हणजे कॉपर टी, प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ती वेळ हुकली, तर सहा आठवडे थांबावे लागते. प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याचे प्रमाण थोडे अधिक असते, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नये. प्रकारानुसार ती पाच किंवा दहा वर्षे काम करते आणि काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परतते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी स्तनदा मातेला प्रसूतीनंतर लवकर सुरू करता येते. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला ते सहा आठवड्यांनंतर देतात. ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहण्यास साधारणतः सात ते दहा महिने लागू शकतात, हे पुढचे मूल हवे असणाऱ्या दाम्पत्याने लक्षात ठेवावे. नेहमीच्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळाव्यात. यातले आपल्याला काय मानवेल, हे प्रकृती पाहून डॉक्टरांनीच सांगावे.

या वेळापत्रकाकडे पाहिले, की एक गोष्ट स्पष्ट होते. पहिली संधी ४८ तासांत संपते आणि दुसरी सव्वा महिना उलटल्यावर येते. पहिली संधी घ्यायची, तर निर्णय प्रसूतीपूर्वीच झालेला हवा. कळा सोसणाऱ्या स्त्रीपुढे कागद धरून 'बसवायची का?' असे विचारणे ही संमती नव्हे. या देशाने आणीबाणीत संमतीविना चाललेले कुटुंबनियोजन पाहिले आहे. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील कित्येकांवर ती लादली गेली. ज्या कार्यकर्त्यांनी त्या काळी तुरुंगवास भोगला, त्यांच्या घरांत तरी सुनेच्या होकाराचे मोल निराळे सांगावे लागू नये. शांतपणे, समजून, आधी दिलेला होकारच खरा. आणि तिने दिलेला नकारही तितकाच खरा मानला पाहिजे.

मग हा निर्णय केव्हा घ्यावा? उत्तर आपल्या रीतीतच आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. त्या दिवशी पती, सासू आणि आई एकाच छपराखाली असतात. पुढे माहेर एका गावी, सासर दुसऱ्या गावी आणि नवरा तिसऱ्याच गावी. माहेरच्या आशाताईंना सासरी काय ठरले ते माहीत नसते आणि सासरच्या आशाताईंना सून परत येईपर्यंत काही कळत नाही. या फटीतच निर्णय हरवतो. तेव्हा सातव्या महिन्यातच पती-पत्नीने डॉक्टरांना भेटून विचार करावा आणि जे ठरेल ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे. ते कार्ड माहेरी तिच्यासोबत जाते. पुढे आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहतात. आपला सव्वा महिनाही जवळपास तेव्हाच संपतो. बाळाला घेऊन देवदर्शनाला निघणाऱ्या घराने त्याच आठवड्यात दवाखान्याची पायरीही चढावी.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो आपल्याच घरातून येईल. हिंदू समाजाचा जन्मदर घसरत असताना पाळणा लांबवण्याचा पुरस्कार कशासाठी? चिंता निराधार नाही. याच सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ इतका खाली आला आहे. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात, जननदर २.१ च्या खाली जाऊ नये, असे सांगून तीन अपत्यांचा विचार मांडला होता. परंतु अंतर ठेवणे म्हणजे अपत्ये नाकारणे नव्हे. पंचविसाव्या वर्षी पहिले मूल झाले आणि तीन-तीन वर्षांचे अंतर राखले, तर तिसरे मूल एकतिसाव्या वर्षी होते. उलट पाठोपाठच्या दोन बाळंतपणांनी खचलेली स्त्री तिसऱ्याचे नावही काढू देत नाही. विवाह उशिरा झालेल्या दाम्पत्याने वयाचा विचार करून डॉक्टरांच्या सल्ल्याने अंतर ठरवावे. समाजाच्या संख्येची चिंता वाहायची, तर ती मातेच्या प्रकृतीवरून पाऊल टाकून वाहता येणार नाही.

आणि हे ओझे तिच्या एकटीचे का? देशात स्त्री-शस्त्रक्रियेचा अवलंब केलेल्यांचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. कुटुंब पूर्ण झाल्यावर टाका न घालता होणारी पुरुषांची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते. तरी पौरुषाच्या खोट्या भीतीपोटी ती टाळली जाते. किमान पत्नीसोबत दवाखान्यात जाणे, सहावा आठवडा लक्षात ठेवणे आणि गणपतीला गावी येईपर्यंत तो लांबू न देणे इतके तर पतीने करावेच. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत संस्कारांची चर्चा होते. तेथे हा विषयही संकोच सोडून निघावा. कार्यकर्त्याने कोणते साधन घ्यावे हे सांगू नये. पण पावसाळ्यात वाडीवरच्या बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवायला गाडी मिळते आहे ना, हे त्याने अवश्य पाहावे.

बावडा ही अमात्यांची जहागीर. ज्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे, त्यांचे हे घराणे. झाड वाढायला किती काळ आणि किती जपणूक लागते, याचा विचार न करता त्यावर कुऱ्हाड चालवू नये, ही दृष्टी त्या ग्रंथात आहे. झाडाला जो अवधी द्यावा असे त्या काळच्या राज्यकर्त्याला वाटले, तो आपल्या घरच्या सुनेला द्यायला आपण विसरू नये.