मानधन कोणाचं, बिल कोणाला

दसरा उलटला की दिवाळी अंकाच्या संपादकाला एकच प्रश्न ऐकू येतो: मानधन कधी? ते थोडं असतं, उशिरा पोचतं, ही तक्रार रास्त आहे. यंदा आमच्यासाठी लिहिणाऱ्या एका प्राध्यापिकाबाईंना रक्कम सांगताना मी ओशाळलो, तर त्या हसल्या. “अहो, शोधनिबंधाला उलट आम्हीच पैसे भरतो!”

‘नेचर’मधला लेख सर्वांना खुला ठेवायचा तर २०२१ साली ९,५०० युरो मोजावे लागत. ते नाही भरले, तर लेख वर्गणीच्या कुलपात. संशोधनाला पैसा बहुधा सरकारचा, लेखन फुकट, तपासणारे दुसरे प्राध्यापक तेही फुकट, आणि छापलेला अंक त्यांच्याच ग्रंथालयानं विकत घ्यायचा. घरची ज्वारी आडत्याला फुकट घालून तीच चढ्या भावानं परत आणावी, तसा हा व्यवहार.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी केंद्रानं तीन वर्षांकरता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना उघडली. चांगलंच झालं. पण ही आतल्यांची सोय. तालुक्याच्या गावी जुनी कागदपत्रं लावत बसलेला निवृत्त शिक्षक बाहेरच.

प्रबंधांचं काय झालं ते आठवा. विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडायचे. यूजीसीनं २००९च्या नियमांत त्यांची संगणकीय प्रत मागितली आणि आज इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर मराठीतले प्रबंधही घरबसल्या उघडता येतात. निबंधांचं घोडं मात्र अडलेलंच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ साली धोरण आखलं, की आमच्या पैशातून झालेल्या कामाचा स्वीकृत मसुदा खुल्या भांडारात ठेवा. अनेक प्रकाशकही ठरावीक मुदतीनंतर तशी मुभा देतात. पण ठेवायचा कोणी? लेखकानंच. आणि लेखकानं तर हक्क सोडण्याच्या फॉर्मवर न वाचताच सही ठोकलेली असते. सहीआधी ते कलम वाचणं, एखादी ओळ बदलून मागणं, यात नोकरी जात नाही.

याहून मोठी पावलंही पडली आहेत. भाषाशास्त्राच्या ‘लिंग्वा’चे संपादक २०१५ साली मंडळासकट बाहेर पडले आणि त्यांनी ‘ग्लोसा’ हे खुलं नियतकालिक काढलं. तरुण अधिव्याख्यात्याकडून मी असलं धाडस मागणार नाही. बढतीच्या मुलाखतीत त्याला विचारतात ते नियतकालिकाचं नाव. निबंध वाचून कोण येतं? तो वाचून यायचं काम टेबलापलीकडच्या ज्येष्ठांचं. पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं याच नावांच्या मोजदादीवर पोसली गेली, आणि बदनाम झालं ते ‘खुलं’ हे विशेषण.

आमच्याकडे लेखाचे हक्क लेखकाचेच. अंक बाजारात आला की लेख कॉलेजच्या भांडारात ठेवा, असं त्या बाईंना कळवलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: “ठेवते. पण त्याला कोणाची लेखी परवानगी लागेल?”