आशेरीच्या माथ्यावरचं पाणी

मंडळी, चैत्र लागला. खळी केव्हाच उठली, राबाची भाजणी उरकत आली आणि पावसाला अजून अवकाश आहे. या सवडीत घरच्या पोरांना घेऊन एक दिवस आशेरीगड चढून या. पाय मोकळे होतील आणि शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट डोळ्यांनी पाहता येईल.

आशेरी पालघर तालुक्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहे. पालघरकडच्यांनी मस्तान नाका गाठावा, बोईसर-तारापूरकडच्यांनी चिल्हार फाटा. तिथून महामार्गानेच खोडकोना गावी जायचं. गडाची उंची सुमारे १,६८० फूट. चढायला दोन तास धरा. झुंजुमुंजूलाच निघावं, म्हणजे ऊन तापायच्या आत माथा गाठता येतो. भाकरी, कांदा, पाणी बरोबर असू द्या आणि गावातला माहीतगार सोबत घ्या, कारण रानात वाटा फुटतात. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया भेटतील. खिंडीत वाघदेव आहे, त्याला हात जोडून पुढे व्हा. बिडीचं थोटूक मात्र पाचोळ्यात टाकू नका. सुकं रान पेटायला वेळ लागत नाही. शेवटचा टप्पा कातळाचा आहे, तिथे लहानांना हात द्या. वर पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला दगड दिसतो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात (१७३७-३९) हा गड मराठ्यांकडे आला.

पण खरी बघण्याची वस्तू म्हणजे माथ्यावरची पाण्याची टाकी आणि तळं. एवढ्या उंचीवर ना नदी, ना विहीर. तरी इथे शिबंदी राहिली ती साठवलेल्या पावसावर. युक्ती साधी आहे. बिनभेगेचा कातळ हेरून त्यात टाकं खोदायचं, निघालेला दगड बांधकामाला लावायचा आणि माथ्यावरचा पाऊस उताराने टाक्यात उतरू द्यायचा. तळ झिरपत नाही, म्हणून पाणी टिकतं.

आता खालचं पाहा. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी वैशाखात कितीतरी पाड्यांवर बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. पाणी पडत नाही असं नाही, ते थांबत नाही. उतारावरून खाडीला जातं.

म्हणून गड उतरलात की आपल्या गावचं तळं पाहा. गाळ काढायचा तो आताच, तळं आटलेलं असताना. पाझर तलावातला गाळ निघाला की पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. साठवणीच्या तळ्यात मात्र तळाचा चिकणमातीचा थर फोडू नका, नाहीतर पाणी राहणार नाही. निघालेला गाळ वरकस जमिनीवर पसरा. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली सुरू झाली. तिची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

आणि हो, गडावरचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, त्यात कचराही टाकू नका. जुन्या माणसांनी छिन्नी-हातोड्याने पाणी अडवलं. आपल्याला गाळाच्या चार पाट्या जड होऊ नयेत.