एका नदीची सहल

सहलीहून परतलेल्या मुलांना घरची वडील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हा, की कोणकोणती ठिकाणे पाहिलीत? मुले बोटे मोडून पाच-सहा नावे सांगतात, आणि जितकी नावे अधिक तितकी सहल चांगली झाली असे सर्वांना वाटते. पहाटे निघायचे, एक किल्ला, दोन देवळे, एक धरण आणि एखादी बाग दिवेलागणीपर्यंत उरकायची, असा क्रम ठरूनच गेला आहे. 'उरकणे' हाच शब्द त्यास शोभतो. गडावर उभे असताना शिक्षकांचे लक्ष घड्याळाकडे आणि मुलांचे लक्ष डब्याकडे असेल, तर गडाकडे कोणी पाहावयाचे?

यापेक्षा एखादी नदी धरून तिच्या काठाने जावे, हे अधिक बरे. पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीचेच उदाहरण घ्यावे. ती फार मोठी नाही, तिची कीर्तीही फारशी नाही. नाणेघाटाजवळच्या डोंगरांत ती उगम पावते, जुन्नरवरून वाहते आणि पुढे घोड नदीला मिळते. परंतु तिच्या काठी जे आहे ते एकापुढे एक पाहिले म्हणजे प्रत्येक स्थळ पुढच्या स्थळाचे कारण सांगू लागते.

प्रारंभ नाणेघाटापासून करावा. कोकणातून देशावर येणारी ही प्राचीन वाट. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने वर चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. वाटेवरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांची मोजदाद आहे. ही मोजदाद अंकांत लिहिली आहे, हे विशेष. तेथे शून्य नाही. दहाला एक खूण, शंभराला निराळी, हजाराला आणखी निराळी. गणिताच्या तासाला शून्याची थोरवी कितीही ऐकली, तरी शून्याखेरीज लोक हिशेब कसा लिहीत हे त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर जितके कळते तितके एरवी कळत नाही. त्याच लेण्यात राजा, राणी व राजपुत्र यांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज वर नावे राहिली आहेत आणि खाली केवळ पावलांच्या खुणा.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. महाराष्ट्रातील कितीतरी लेण्यांच्या आणि गडांच्या भिंतींवर सहलीला आलेल्यांनी आपली नावे खरवडून ठेवली आहेत. हजारो पावसाळे सोसलेले अक्षर टोकदार दगडाने घटकेत नाहीसे होऊ शकते, आणि ते पुन्हा कोरणारा कारागीर आता कोठून आणावयाचा? 'एकट्याच्या नावाने काय बिघडते?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या भिंतीवरील प्रत्येक नाव अशाच एकट्याचे असते.

घाट उतरून नदीबरोबर पूर्वेकडे निघाले, की पूर गावी कुकडेश्वराचे जुने शिवालय लागते, पुढे माणिकडोहाचे धरण, आणि मग जुन्नर. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक कोरीव लेणी आहेत. नाणेघाट न पाहिलेल्यास प्रश्न पडतो, की एवढी लेणी येथेच का? घाट पाहून आलेल्यास तो पडत नाही. पेठ होती, व्यापारी होते, आणि त्यांचा दानधर्म होता. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान केल्याचा लेख येथे आहे. यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी, दिलेल्या दानांचेही लेख आहेत. नदीपलीकडच्या लेण्याद्रीवर बौद्ध भिक्षूंच्या एका विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो शिवनेरी; त्याच्याही कड्यात अशीच बौद्ध लेणी आहेत. गडाचे सात दरवाजे पाहून मुले वर जातात, शिवाई देवीला नमस्कार करतात. परंतु गंगा-जमुना या टाक्यांशी थोडे थांबावे. त्यांतले पाणी बारमाही असते. ज्या डोंगरावर पाणी टिकते तेथेच मनुष्य टिकतो, मग तो भिक्षू असो वा किल्लेदार.

जुन्नरच्या पुढे बोरी गावी नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख येथली नव्हे, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची! ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

निघोजला मात्र नदी स्वतःच कारागीर झालेली दिसते. तेथे तिच्या पात्रातील काळ्या खडकाला रांजणासारखे खोल खळगे पडले आहेत. पुराच्या पाण्याबरोबर गोटे खाचेत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खडक घासून काढतात. गोटा झिजतो, पण खळगा वाढत जातो. कडा निसरडी असल्यामुळे दुरूनच पाहावे. नदीच्या एका तीरावर पारनेर तालुका, दुसऱ्यावर शिरूर. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची देवळे आहेत, आणि चैत्रात देवीची यात्रा भरते. यात्रेस जाणाऱ्याने पाहुण्याप्रमाणे जावे. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो देवीचा दिवस आहे, छायाचित्रे घेण्याची संधी नव्हे. एखाद्या वृद्धेपाशी बसून देवीची कथा ऐकली, तर छायाचित्राहून अधिक काही घरी येते.

एवढ्यासाठी वेळ आणि पैसा कोठून आणावा, असा आक्षेप कोणी घेईल, व तो खोटा नाही. परंतु हे सर्व एका दिवशी करावे असे कोणी म्हटलेले नाही. तसे ते होणारही नाही. नाणेघाट पाहावा पाऊस ओसरल्यावर, आश्विनात, जेव्हा डोंगर हिरवे असतात आणि वाट कोरडी होऊ लागते. रांजणखळगे दिसतात पाणी आटल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी. म्हणजे पहिली सहल दिवाळीपूर्वी उगमाकडे, आणि दुसरी चैत्रात, यात्रेच्या सुमारास, निघोजकडे. मधल्या महिन्यांत वर्गात नदीचा नकाशा काढता येईल.