मांडवीकाठचे जुने इस्पितळ

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे एखाद्याचे दुखणे हाताबाहेर गेले, की ‘बांबोळीला न्या’ हा सल्ला ठरलेला असतो. पत्रादेवीचा नाका ओलांडून रुग्ण गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो. परंतु हे इस्पितळ बांबोळीच्या पठारावर येण्यापूर्वी पणजीत मांडवीच्या काठी होते, आणि ती वास्तू आजही उभी आहे.

तिची परंपरा त्याहून जुनी. पोर्तुगीजांनी गोवा जिंकला त्याच काळात, १५१०च्या सुमारास, जुन्या गोव्यात राजेशाही इस्पितळ सुरू झाले. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे उपचार घेतलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र ती सोय प्रामुख्याने पोर्तुगीज सैनिकांसाठी होती. पुढे साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडले, राजधानी पणजीस आली आणि १८४२ मध्ये येथे वैद्यकीय शाळेची स्थापना झाली. या शाळेतून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतील वसाहतींतही रुग्णसेवा करीत राहिले. गोवा मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले.

रुग्ण वाढले, जागा अपुरी पडली आणि १९९०च्या दशकात इस्पितळ बांबोळीस स्थिरावले. रिकामी वास्तू पडझडीच्या वाटेने जाण्याची भीती होती. परंतु २००४ मध्ये भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि तिची डागडुजी झाली. जेथे खाटांच्या रांगा होत्या, तेथे आता प्रदर्शने भरतात.

वास्तू वाचली, ही समाधानाची गोष्ट. पण इस्पितळाचे मोल भिंतींपेक्षा त्याच्या उघड्या दारात असते. २०१८च्या आरंभी बांबोळीस गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग, सावंतवाडी भागात असंतोष उसळला. कारण दुसरा आधार जवळ नव्हता. २०२१ मध्ये ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास परवानगी मिळाली, ती याच उणिवेवरचा उपाय होय.

इमारतीस देणगी देणारे हात पुष्कळ असतात; कोनशिलेवर नाव राहते. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांचा खर्च मात्र दरमहा, नावाविना करावा लागतो. ओरोसची इमारत उद्या किती जणांच्या उपयोगी पडेल, हे त्या दुसऱ्या खर्चावरच ठरेल.