विश्लेषण : अजगराच्या रंगाला हजारो डॉलर का मोजले जातात? 'बॉल पायथन'चा बाजार काय आहे?

मुंबई विमानतळावर डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक जप्त करण्यात आले. साप बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले होते. त्याआधी सप्टेंबरमध्ये बेंगळूरु विमानतळावर सापडलेल्या ७८ वन्यप्राण्यांपैकी तब्बल ५५ बॉल पायथन होते. आफ्रिकेतला हा साप वारंवार भारतीय विमानतळांवर का सापडतो? त्याचे उत्तर त्याच्या कातडीवरील रंगांत आणि त्या रंगांमागच्या जनुकांत आहे.

बॉल पायथन म्हणजे कोणता साप?

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील हा लहान आकाराचा बिनविषारी अजगर. पूर्ण वाढ झाल्यावरही तो साधारण तीन ते पाच फुटांचा असतो. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा वेटोळे करून बसतो, म्हणून नाव 'बॉल पायथन'. शांत स्वभाव, कमी जागा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा खाणे यामुळे अमेरिका आणि युरोपात तो लोकप्रिय पाळीव साप ठरला. योग्य निगा राखल्यास तो २० ते ३० वर्षे जगतो. मूळ रंग गडद तपकिरी, त्यावर फिकट तपकिरी ठिपके. मात्र या मूळ रंगाला बाजारात फारशी किंमत नाही.

'मॉर्फ' म्हणजे काय?

जनुकातील बदलामुळे रंग किंवा नक्षी वेगळी झालेल्या सापाला 'मॉर्फ' म्हणतात. निसर्गात असे साप क्वचित जन्मतात. १९९२ मध्ये अमेरिकेतील बॉब क्लार्क यांनी बंदिस्त जागेत अल्बिनो बॉल पायथनची पैदास केली आणि हा रंग पुढच्या पिढीत उतरतो हे सिद्ध झाले. तिथून या धंद्याला दिशा मिळाली. पुढे अंगावर पांढरे पट्टे असलेला 'पायबाल्ड', उजळ पिवळा 'पेस्टल', कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी असलेला 'स्पायडर', जांभळट-पिवळा 'बनाना' असे प्रकार आले. त्यांच्या एकमेकांशी संकरातून आज हजारो प्रकार तयार झाले आहेत.

यामागचे विज्ञान अलीकडे उलगडू लागले आहे. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी सापांनी टाकलेल्या काती गोळा करून डीएनए तपासला. गडद रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार करण्यासाठी लागणाऱ्या 'टायरोसिनेज' विकराच्या जनुकात बिघाड झाला की अल्बिनो साप जन्मतो, असे त्यांना आढळले. माणसातील वर्णहीनतेच्या एका प्रकारामागेही हेच जनुक असते.

गणित कसे चालते?

अल्बिनो किंवा पायबाल्ड होण्यासाठी बदललेले जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. ते एकाकडूनच आले तर साप दिसायला साधा, पण जनुकाचा वाहक असतो. व्यापारात त्याला 'हेट' म्हणतात. दोन हेट सापांच्या प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता २५ टक्के. मादी वर्षाला फार तर एकदा, साधारण चार ते सहा अंडी घालते. सहा अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के राहते.

असे दोन गुण एकाच सापात हवे असतील तर शक्यता १६ पैकी एकवर येते. म्हणजे सहा अंड्यांच्या दर तीन खेपांपैकी दोन खेपांत हवा तो साप मिळतच नाही. मादी प्रजननक्षम होण्यास तीनेक वर्षे लागतात. त्यामुळे एका नव्या मिश्रणामागे अनेक वर्षे जातात आणि पहिल्या काही सापांना हजारो डॉलर मिळतात.

दोन हेट सापांची जी पिल्ले साधी दिसतात, त्यांतील तीनपैकी दोन वाहक असतात. कोणती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ती '६६ टक्के हेट' म्हणून विकली जातात. खरेदीदार येथे साप नव्हे, तर शक्यता विकत घेत असतो.

मग भाव कोसळतात का?

हमखास. कारण महागडा साप घेणारा बहुतेकदा स्वतःच पैदास करणारा असतो. त्याने जोडी नेली की दोन-तीन वर्षांत तोच स्पर्धक होतो. एकेकाळी हजारो डॉलरना विकले जाणारे अल्बिनो आणि पायबाल्ड आज काहीशे डॉलरला मिळतात. महाराष्ट्रात इमूपालनाची लाट आली होती, तेव्हाही पक्ष्याची किंमत अंतिम ग्राहकापेक्षा पुढच्या पालनकर्त्यावर अवलंबून होती. गणित तेच. भाव टिकवायचा तर सतत नवे मिश्रण हवे, आणि नको असलेली साधी पिल्ले वाढतच जातात.

सापांवर याचा काय परिणाम होतो?

'स्पायडर' प्रकारातील सापांचे डोके डुगडुगते, काही साप उलटे होतात, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. पैदासकार याला 'वॉबल' म्हणतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूक्ष्म सीटी स्कॅनद्वारे अशा सापांच्या आतल्या कानाची तपासणी झाली. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यालगतचा भाग विकृत असल्याचे त्यात दिसले. तपासलेल्या सापांची संख्या कमी होती, पण लक्षणांशी हा निष्कर्ष जुळतो. नक्षी आणि व्यंग एकाच जनुकीय बदलाशी जोडलेले असल्याने 'चांगली नक्षी ठेवून दोष काढून टाकू' हा दावा आजवर सिद्ध झालेला नाही.

'डेझर्ट' प्रकारातील माद्यांची अंडी फलद्रूप होत नाहीत. 'कॅरॅमल अल्बिनो'मध्ये मणक्याला बाक येण्याचे प्रमाण जास्त आहे. अर्थात सर्वच मॉर्फ आजारी नसतात. पायबाल्ड किंवा पेस्टल सामान्य आयुष्य जगतात. म्हणून सरसकट बंदीपेक्षा दोषयुक्त प्रकारांची पैदास थांबवावी, अशी मागणी होते.

जंगलातील सापांचे काय?

बंदिस्त पैदास वाढल्याने जंगलावरील भार कमी होतो, हा पैदासकारांचा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. घाना, टोगो आणि बेनिन येथून १९७५ पासून ३० लाखांहून अधिक बॉल पायथन निर्यात झाले. तेथे गाभण माद्या आणि अंडी जंगलातून आणून पिल्ले उबवण्याची 'रँचिंग' पद्धत चालते. नवे जनुक हवे तर वेगळा दिसणारा रानटी साप हवा, त्यामुळे जंगलातील शोध थांबत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही प्रजाती आता 'संकटसमीप' गटात आहे. याच बेनिनमधील विदा शहरात या सापाला पवित्र मानले जाते आणि तेथे अजगरांचे मंदिर आहे.

भारतात कायदा काय सांगतो?

बॉल पायथन 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यामुळे अशा परदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्यांनी 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करणे, तसेच हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू कळवणे बंधनकारक आहे. आपल्याकडील भारतीय अजगर मात्र पहिल्या अनुसूचीत असून तो पाळताच येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. तस्करीतून आलेला साप आणि घरात उबवलेले पिल्लू दिसायला सारखेच. मूळ जोडी कुठून आली हे तपासले नाही, तर नोंदणीचा कागदच तस्करीच्या मालाला वैध ठरवू शकतो. त्यामुळे समाजमाध्यमांवरील जाहिरात पाहून असा साप घेण्याआधी आयातीची कागदपत्रे आणि नोंदणी मागणे आवश्यक आहे. ती नसतील, तर घेणाराही कारवाईच्या कक्षेत येतो. जप्तीनंतर परत पाठवणी किंवा पिंजरा हेच सापाच्या वाट्याला येते. पाकिटात गुदमरून वाटेत मरणाऱ्यांची तर मोजदादही होत नाही.