आधी सिलिंडर बघा, मग रंग

नाशिकहून सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत कामाला जायचं तर जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर पडतात. २५ दिवसांचे झाले १,५००. लिटरला १५ देणारी पेट्रोल गाडी त्यासाठी १०० लिटर पिते, किलोला २५ देणारी जुनी सीएनजी वॅगन-आर ६० किलोत भागवते. म्हणून घ्यायची तर सीएनजीच घ्या. पण रंगाला भुलू नका. डिकी उघडून सिलिंडरची पाटी वाचा: हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. आरसीवर सीएनजीची नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. बँकेचा बोजाही उतरलेला हवा. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून बघा. कष्टाचा पगार पंपावर आणि गॅरेजात जिरता कामा नये.