ट्रॅक उसना कशाला? वायर जोडा!

गॅदरिंगची तालीम वसमतला असो नाहीतर नांदेडला, सीन एकच. गाणारी मुलगी तयार, मोबाईलवर डाउनलोड केलेला कॅराओके ट्रॅक तयार, आणि पहिल्याच अंतऱ्याला तिचा आवाज फाटतो. ट्रॅक तिच्या पट्टीत नसतोच. कुणीतरी ॲपमध्ये पट्टी खाली ओढतं, तर ढोलकी डबा बडवल्यासारखी वाजायला लागते. मग गाणं बदलतात. नाहीतर मुलगीच! आणि कीबोर्ड येणारा पोरगा हे सगळं प्रेक्षकांत बसून बघतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ग्रुपमध्ये एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड आणि दहा स्मार्टफोन आहेत, त्यांना उसना ट्रॅक लागूच नये. या सगळ्यांना एकमेकांशी बोलता येईल अशी भाषा १९८३ पासून आहे. तिचं नाव मिडी.

मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो निरोप. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच. आवाज काढायचं काम पलीकडच्या यंत्राचं. म्हणून मिडीत रेकॉर्ड केलेलं गाणं काळी चारवरून काळी दोनवर आणा, लय कमी करा, आवाजाला ओरखडा पडत नाही. फक्त तालवाद्यांचा चॅनल तेवढा हलवू नका, नाहीतर ढोलकीच्या जागी भलतंच काहीतरी वाजेल.

ही भाषा जुळवली ती जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी. दोघं धंद्यातले प्रतिस्पर्धी. पण ती वापरायला त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, म्हणून आज कॅसिओला रोलँड बिनधास्त जोडता येतो. आणि गंमत बघा, आपल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात दिसणारा ऑक्टापॅड १९८५ मध्ये आला तेव्हा त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता! तो नुसते निरोप पाठवायचा. जन्मच जोडण्यासाठी, आणि आपण त्याला स्टँडवर एकटा उभा करतो.

खर्च फार नाही. बऱ्याच कीबोर्डच्या मागं चौकोनी यूएसबी असतं. त्याला प्रिंटरची केबल चालते. पुढं ओटीजी, मग मोबाईल. अँड्रॉइड ६ किंवा पुढचं हवं. जुन्या वाद्याला पाच छिद्रांचं गोल सॉकेट असेल, तर यूएसबी-मिडी इंटरफेस घ्यावा लागेल; तेव्हा वाद्याच्या ‘आउट’मध्ये इंटरफेसची ‘इन’ लिहिलेली पिन घाला. इथं भलेभले चुकतात. अगदी स्वस्त कीबोर्डला यातलं काहीच नसतं, तेव्हा घेण्याआधी मागची बाजू बघा. ॲपमध्ये आधी कीबोर्ड रेकॉर्ड करा, मग ऑक्टापॅड. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोच, बोट पडल्यावर आवाज उशिरा येतो.

‘यात मींड कुठंय?’ असं गाण्याचे सर विचारतील. बरोबरच आहे. पिच बेंडचं चाक फिरवून सारंगी होत नाही. पण हीच तक्रार पेटीबद्दलही होती. १९४० मध्ये तर आकाशवाणीवर तिला बंदीच घातली होती. ग्रुपमध्ये खरा ढोलकीवाला असेल तर ऑक्टापॅड बाजूला ठेवा, त्यालाच वाजवू द्या. आणि पहिल्या तालमीला मुलीला आधी विचारा, तुझी पट्टी कोणती?